घाबरलेला माणूस पहिलं काय दाबील

"माणूस घाबरलेला असला तर पहिलं काय दाबील?" असं विचारून काका स्क्रीनच्या काचेवर बोट टेकवायचे. काच पुसून पुसून मी वैतागायचो. परभणीत स्टेशन रोडला आमचं वेबसाइट करून देण्याचं छोटं ऑफिस आहे. तिथं साइटचा मेन्यू लावणं, म्हणजे कुठलं बटण कुठं ते ठरवणं, हे काकांचं काम होतं; ऑफिसात सगळेच त्यांना काका म्हणायचे.

"मंगल कार्यालयाच्या साइटवर कोण घाबरून येतंय, काका?"

"नवरदेव," ते शांतपणे म्हणाले आणि रस्त्याचा नकाशा सगळ्यांत वर ठेवला.

डायलिसिस सेंटरच्या साइटवर मात्र आम्ही कुणी हसलो नाही. तिथं त्यांनी पहिलंच बटण लावलं होतं: 'आज मशीन चालू आहे का?' सोनपेठ-पाथरीची माणसं ते बघूनच एसटी धरायची. काकूही त्यांतल्याच. काका रोज पहिल्या गाडीनं सोनपेठहून ऑफिसला यायचे, काकू आपल्या डायलिसिसच्या वारी मागून. तुम्हीच सांगा, अशा माणसाला मेन्यूबद्दल कोण शिकवणार?

खोड एकच होती. फ्रेमवर्क म्हणजे साइट ज्या तयार सांगाड्यावर उभी असते तो. आपले बदल वेगळ्या फाइलीत ठेवायचे असतात, पण काका त्याच्या मूळ फाइलीतच हात घालायचे. "वेगळी फाइल कोण सांभाळत बसतंय?" म्हणायचे. मालकांनी फ्रेमवर्क नवं करायला सांगितलं, काकांनीच केलं. नव्या फाइली जुन्यांवर बसल्या आणि सेंटरच्या साइटवरचं ते बटण गेलं. मोबाइलवर कोपऱ्यात नुसत्या तीन रेघा उरल्या, ज्या दाबल्या तरच मेन्यू उघडतो.

नेमकी दुसऱ्याच दिवशी सेंटरची मशीनं बंद. बटण दिसलं नाही, म्हणून चालूच असतील असं समजून काकू निघाल्या. सेंटरच्या दारातून परत फिरून त्या रिक्षानं आमच्याकडे आल्या आणि दारालगतच्या खुर्चीत बसल्या. पाय सुजलेले, श्वास लागलेला. मी दुसऱ्या दवाखान्यात फोन लावला. जागा दुपारी मिळणार होती.

काका त्यांच्याजवळ जाऊन बसले, तर त्या म्हणाल्या, "माझ्यापाशी काय बसता? अगोदर ते बटण लावा. गावाकडची आणखी माणसं निघायलेत."

जुना कोड नव्या मेन्यूत बसेना. बटण यायचं, पण त्या तीन रेघांच्या आत. "ती रेघा दाबत न्हाई रे," काका रडकुंडीला आले होते. "तिला ते नक्षी वाटतंय." मग अक्षरं मी टाइप केली, ते सांगत गेले. चार ठिकाणी बदललं, सगळी साइटच पांढरी पडली, पुन्हा मागं आलो. मला वाटलं, आता काही खरं नाही.

शेवटी बटण रेघांच्या बाहेर आलं. काकांनी फोन काकूंपुढं धरला.

"दिसायलंय का?"

"दिसायलंय. बंद हाय म्हणतंय. चला आता."

काकू त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. त्या एका दिवसामुळं नव्हे, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी ऐकून घेतलं, मानलं नाही. त्या खुर्चीकडं मला अजून बघवत नाही.

तेराव्यानंतर ते नोकरी सोडतो म्हणून सांगायला आले. निघताना सवयीनं फोन काढला आणि सेंटरच्या साइटवरचं पहिलं बटण दाबलं.

"आज चालू हाय," म्हणाले, आणि सोनपेठच्या गाडीला गेले.