दोनशे छप्पन रंग

माझी आई कॉम्प्युटरवर गणपती काढायची. आज हे सांगितलं की लोक म्हणतात, त्यात काय एवढं. पण मी सांगतोय ते नव्वदीच्या शेवटाशेवटाच्या साताऱ्यातलं. आतल्या बोळात आमचं लग्नपत्रिकांचं एवढंसं दुकान होतं, आणि आईला एबीसीडी धड वाचता येत नव्हती.

दुपारी दीड ते चार बाजार पेंगायचा. आई माझा डबा घेऊन यायची, मी मागच्या खोलीत जेवायला बसायचो आणि ती माझ्या खुर्चीवर टेकायची. माझ्याकडे तेव्हा दोनच गणपती होते, जुन्या ठशांवरून कॉम्प्युटरात घेतलेले. एकदा त्यातला एक बघून ती म्हणाली, "काय रे हा गणपती, फौजदारासारखा बघतोय." मी जात्याच तिरसट, त्यात तोंडात घास. म्हटलं, "मग तूच काढ." आणि तिनं काढला की हो. लगेच नाही, पंधरा दिवस लागले, पण काढला.

चित्रं काढायचा तो प्रोग्रॅम जुनाच होता, सात फ्लॉप्यांवर आलेला. त्यात एक ठिपका द्यायचा, मग दुसरा, मग मधली रेघ धरून वाकवायची. आईला यात नवीन काहीच वाटलं नाही. आयुष्यभर दारात ठिपक्यांची रांगोळी घातलेली बाई ती. इंग्रजी शब्द तिनं वाचलेच नाहीत, जागा पाठ केल्या. "वरून तिसरं दाबायचं, त्यात खालून दुसरं," असं पुटपुटत ती काम करायची. चुकली की "अगं बाई, परत आलं ते" म्हणून स्वतःशीच हसायची. मी जेवून हात पुसत बाहेर आलो तरी उठायची नाही. मी शेजारी स्टुलावर बसून पत्रिका मोजायचो, आणि तासन् तास आम्ही एकमेकांशी काहीही बोलायचो नाही. मला त्या दुपारी अजून हव्या आहेत. माझं वय आता साठीकडं झुकलंय, पण एखादी तसली दुपार कुणी परत देत असेल, तर मी काय वाटेल ते सोडून जाईन.

तिचा गणपती जरा झोपाळू डोळ्यांचा होता, नुकताच उठून पाटावर येऊन बसल्यासारखा. लोकांना तो भलताच आवडला. वडूजकडचे एक पाटील पत्रिका छापायला आले ते थेट म्हणाले, "आवं, आमच्या पावन्यांच्या पत्रिकेवर त्यो गणपती हुता न्हवं, त्योच पायजे. लय गोड हाय." आई मागच्या खोलीत होती. बाहेर काही आली नाही, पण त्या दिवशी घरी जाताना तिनं वाटेत स्वतःसाठी गजरा घेतला. वडिलांनी संध्याकाळी विचारलं, आज काय विशेष, तर म्हणाली, काही नाही. तिनं स्वतःचं म्हणून केलेलं आणि लोकांनी मागून नेलेलं असं आयुष्यात ते एवढंच होतं.

आणि मला दुर्बुद्धी सुचली. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात नवी सिस्टिम आली होती. कॉम्प्युटर सुरू करताच निळं आभाळ दिसायचं, खालच्या पट्टीवर सगळं ओळीनं मांडलेलं. आमचं जुनं व्यवस्थित चालत होतं, पण मला त्या आभाळानं झोप लागेना. सांगलीच्या एका इंजिनियरला गाठलं आणि दसऱ्याचाच मुहूर्त धरला. तो नव्या सिस्टिमबरोबर चित्रांचा एक नवा प्रोग्रॅमही टाकणार होता, तयार चित्रांनी भरलेल्या सीडीसकट.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आईनं दुकानात पांढरा पंचा अंथरला, त्यावर कात्री, कटर, स्टेपलर आणि तिच्या प्रोग्रॅमच्या सातही फ्लॉप्या मांडल्या. मी झेंडू आणायला गेलो होतो. आलो तोवर पूजा उरकली होती. कॉम्प्युटरच्या कपाळाला, म्हणजे बटणाच्या वर, पाच बोटं हळदकुंकू लागलं होतं. आम्ही पेढा खाल्ला आणि दुकान बंद करून घरी गेलो.

दसऱ्याला नवी सिस्टिम बसली, आभाळ दिसलं, इंजिनियर जेवून सांगलीला परत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आई खुर्चीवर बसली आणि तिनं तिचा जुना प्रोग्रॅम उघडला. पडदा काळा झाला, मग एक इंग्रजी पाटी आली, आणि प्रोग्रॅम बंद. पुन्हा उघडला, पुन्हा तेच. मी म्हटलं, ऊठ, नव्यानं टाकतो. पहिली फ्लॉपी सुरळीत गेली, दुसरीही गेली, तिसरीला मशीन खरखरायला लागलं. फ्लॉपी बाहेर काढून तिची पत्र्याची झडप सरकवली, तर आतल्या काळ्या चकतीवर कुंकवाचं बोट.

"हे कुणी केलं?" मी विचारलं. दुकानात आम्ही दोघंच होतो.

"मीच लावलं," आई म्हणाली. "तूच म्हणाला होतास ना, खरं काय ते आतल्या चकतीवर असतं. मग नुसत्या खोक्याला लावून काय करायचं? देव्हाऱ्याला कुंकू लावून देवाला तसंच ठेवतात का?"

यावर खरं तर हसायला हवं होतं. मी हसलो नाही. मी तिला नाही नाही ते बोललो. कळत नाही तर हात कशाला लावायचा, हे स्वयंपाकघर आहे का, आता बसा बोंबलत. आई उठून उभी राहिली. डब्याची पिशवी घडी करून काखेत धरली आणि म्हणाली, "चुकलं रे माझं." एवढंच. त्या दिवसापासून डबा घेऊन गल्लीतलं कुणीतरी यायला लागलं.

दिवाळी झाल्यावर रहिमतपूरच्या एका प्रेसवाल्यांकडं त्याच प्रोग्रॅमचा धड संच मिळाला. त्यांनी बिचाऱ्यांनी चहा पाजून हातात दिला. मी तो टाकला. सातही फ्लॉप्या सुरळीत गेल्या. प्रोग्रॅम उघडला आणि पडदा काळा, इंग्रजी पाटी, बंद. कुंकवाचा काही संबंध नव्हता. नव्या सिस्टिमला तो प्रोग्रॅमच चालत नव्हता, आणि ती सिस्टिम मी हौसेनं आणली होती.

त्याच संध्याकाळी घरी जाऊन सांगायचं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. मी सांगितलं नाही. एवढं तोडून बोललेलं कसं गिळायचं हे मला समजेना, म्हणून म्हटलं, उद्या सांगू. मग लग्नसराई आली. सीडीवर गणपतींच्या रांगाच्या रांगा होत्या, गिऱ्हाईक बोट ठेवायचं, मी तो चिकटवून द्यायचो. झोपाळू डोळ्यांचा कुणी मागितला तर म्हणायचो, "तो खराब झाला हो, हा बघा, याला सावली पण आहे." लोक हाच घेऊन जायचे. माझं काही अडत नव्हतं, हे मी आज कबूल करतो.

संक्रांतीला आईनं हातावर तिळगूळ ठेवला आणि हळूच विचारलं, "माझ्या कुंकवानं बिघडलेलं ते अजून तसंच आहे का रे?"

मी म्हटलं, "हं."

तिळगूळ तोंडात होता आणि मी "हं" म्हटलं. ती पुढच्या माणसाला तिळगूळ द्यायला वळली.

ते "हं" मात्र मला पचेना. दुकानात माझीच खुर्ची मला टोचायला लागली. दुपारी डबा उघडला की मागच्या खोलीतून बाहेर कान जायचा, वरून तिसरं, खालून दुसरं ऐकू येतंय का म्हणून. तिला परत त्या खुर्चीवर बसवायचं, बाकी काही नको, असं मला वाटायला लागलं. शेवटी कॉम्प्युटरचा डबा सोलापुरी चादरीत गुंडाळला, एसटीत मांडीवर घेतला आणि थेट सांगली गाठली. इंजिनियरशी भांडायचंच असं ठरवून गेलो होतो.

त्यानं भांडू दिलं नाही. माझं बोलणं संपायच्या आत डब्याला स्वतःचा पडदा जोडला, कुठंतरी आत शिरला आणि रंगांचा आकडा खाली आणला. नवी सिस्टिम हजारो रंग दाखवत होती, जुन्या प्रोग्रॅमला दोनशे छप्पनच झेपत होते. दोनशे छप्पन केले, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि आईचा गणपती समोर येऊन बसला. पाच मिनिटं लागली नाहीत.

"एवढंच होतं," तो म्हणाला. "दसऱ्यालाच फोन करायचा ना साहेब."

परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर ऊस बघत रडलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय, दुखतंय का काय?" मी म्हटलं, व्हय.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला मी स्वतः दुकानात घेऊन आलो. पदराला हात पुसत ती पडद्यासमोर उभी राहिली. आपला गणपती बघून तिचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, सुटलो.

"बस," मी म्हटलं.

"नको रे. पुन्हा माझ्या हातून काहीतरी व्हायचं."

मग मात्र मी सांगितलं. तुझ्या हातून काही झालंच नव्हतं, कुंकू नसतं तरी हेच झालं असतं, माझ्या नव्या सिस्टिमनं झालं होतं. आई ऐकत राहिली.

"कधी कळलं तुला?"

"दिवाळी झाल्यावर."

ती म्हणाली, "म्हणजे संक्रांतीला ठाऊक होतं." विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मी खुर्ची पुढं ओढली. तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, तो तसाच काढून घेतला आणि "भाजी टाकून आलेय" म्हणून घरी गेली.

ती मला त्यावरून कधी टोचून बोलली नाही. रागवायची नाही, रुसायची नाही. चार दिवसांनी डबा घेऊन परत यायला लागली, बाकावर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. जुना प्रोग्रॅम चालू राहावा म्हणून मी पुढं कित्येक वर्षं तो पडदा दोनशे छप्पन रंगांवरच ठेवला. सगळे फोटो पावडर सांडल्यासारखे दिसायचे, लोक हसायचे. खुर्चीवर ती एकदाही बसली नाही.

एकदा म्हसवडचं एक जोडपं मुलीची पत्रिका करायला आलं. बाईंनी तो झोपाळू गणपती बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो कुणी काढला वं? आसाच येक लक्ष्मी-नारायनाचा जोडा काढून मिळंल का त्यांच्याकडनं?"

मी तोंड उघडलं. पण आई शेजारीच बाकावर होती, तीच आधी बोलली.

"होत्या इथं एक बाई," ती अगदी गोड हसून म्हणाली. "आता नाही येत त्या."