आडवा की उभा?

पृथ्वीला कुठेही कूस बदलायची झाली तर ती आधी माझ्या काकांच्या कानावर घालते आणि मगच बदलते. काका म्हणजे माझ्या मावशीचे पती. काशीत मंगला गौरीच्या देवळामागे, गंगेच्या अंगाला आमचं घर आहे. पहिल्या मजल्यावर मी आणि माझा नवरा राहतो आणि तिसऱ्यावर मावशी-काका. काका पेशाने भिक्षुक, पण नाद भूकंपांचा. कमरेला खोचलेला त्यांचा फोन जगात कुठेही जमीन हलली की किणकिणतो. सत्यनारायणाच्या कथेत नाव बुडायला आलेली असताना तो वाजला, तर काका पोथीवर बोट ठेवून फोन बघतात, "जपान, समुद्रात, काळजी नाही," असं यजमानांना सांगतात आणि मग नाव बुडवतात. ज्वालामुखींच्या स्वभावाची तर त्यांना घरच्या माणसांसारखी माहिती. एटना तोंडाची फटकळ, पण धूर काढून मोकळी होणारी, म्हणून मनाची बरी. त्यांना धास्ती आहे ती वर्षानुवर्षं गप्प बसलेल्यांची. "गप्प बसणाऱ्याचा भरवसा नाही," असं म्हणताना ते माझ्या नवऱ्याकडे का बघतात, हे मी अजून विचारलेलं नाही.

काशीत हा नाद चालवणं सोपं नाही. काशी शंकराच्या त्रिशूलावर उभी आहे, तेव्हा खालची पृथ्वी हलली तरी आपल्याला काय, अशी इथल्या प्रत्येकाची खात्री. कोपऱ्यावरचा पानवाला काकांना रोज छेडतो, "पंडितजी, काशी त तिरसूल पर टिकल हौ, इहाँ भूकंप का करी?" काका विडा तोंडात सारून शांतपणे म्हणतात, "अरे भइया, तिरसूल पकडने वाले का हाथ भी तो कभी दुखता होगा."

एवढं असून काकांना स्वतःला आयुष्यात एकही भूकंप लागलेला, म्हणजे अंगाला जाणवलेला, नाही. हिमालयाकडे काही झालं की आमच्याकडे पंखे डोलतात, पण त्या वेळी काका नेमके कुठेतरी भलतीकडे. एकदा ते यजमानांना घेऊन नावेत होते, एकदा राजा घाटावर पाण्यात बुडी मारून, आणि एकदा अशा ई-रिक्षात की तिच्यात बसल्यावर वेगळ्या भूकंपाची गरजच उरत नाही. घरी येऊन पाहावं तर मोलकरणीपासून सगळ्यांना लागलेला. मग एकेकाला समोर बसवून उलटतपासणी. धक्का आडवा की उभा? आधी पंखा हलला की पलंग? त्या विचारण्यात इतका हेवा असे की मला हसूही येई आणि वाईटही वाटे.

आपल्या हातून पुढचा निसटू नये म्हणून त्यांनी तिसऱ्या मजल्याच्या चौकटीला एक पितळी घंटा टांगली. ती बहुतेक वेळा माकडं वाजवतात. दर पौर्णिमेला मात्र काका स्वतः वाजवतात, आणि आम्ही सगळ्यांनी हातातलं टाकून खाली घाटाच्या पायऱ्यांवर जायचं. गल्लीत थांबायचं नाही, कारण दोन्हीकडच्या भिंती अंगावर येतील. परत घरात शिरायचं नाही, कारण पहिल्याच्या मागून दुसरा येतो. सगळं ठरलेलं. ठरलेली नव्हती ती फक्त मावशी. तिचे हात थरथरतात आणि पाय उचलत नाहीत. माझ्याकडे खाली राहायला ये म्हटलं तर ऐकत नाही, वरच्या खिडकीतून दिसणारी गंगा तिला सोडवत नाही. तिचं काय करायचं, असं मी दर वेळी विचारी आणि काका दर वेळी म्हणत, "हिचं मी बघतो."

बघितलंही होतं. एकदा खुर्चीला दोर बांधून त्यांनी तिला आमच्या मदतीने खाली न्यायला घेतलं. जिन्याच्या वळणावर खुर्ची अशी अडकली की ना वर, ना खाली. मावशी म्हणाली, "अहो, तोवर भूकंप कंटाळून परत जाईल," आणि हसता हसता रडायला लागली. त्यानंतर खुर्चीचा विषय कुणी काढला नाही. पण घंटा वाजली की मला ते वळण आठवायचं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी भाजी चिरत होते. वर घंटा वाजली. पौर्णिमा नव्हती, तेव्हा माकड असणार म्हणून मी चिरत राहिले. मग फडताळातली भांडी वाजू लागली आणि पायाखालची फरशी सरकली. विळी तिथेच टाकून मी पळाले. घाटावर अर्धी गल्ली जमली होती. मी आमची माणसं मोजली. मावशी नव्हती आणि काकाही नव्हते.

"पंडितजी ना उतरलन का?" पानवाल्याने विचारलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मला काकांचा विलक्षण राग आला. सगळ्यांना पळायला शिकवायचं आणि स्वतः वर बसायचं? दुसरा धक्का केव्हाही येईल हे त्यांनीच घोकून घेतलेलं. तरी मी परत फिरले. जिना चढताना जमीन हलतेय की माझे पाय, काही समजत नव्हतं. खुर्ची अडकलेलं ते वळण मी भिंतीला धरून ओलांडलं.

मावशी पलंगावर होती. काकांनी तिच्या डोक्यावर उशी धरली होती आणि तिच्यावर ओणवे होऊन आपली पाठ छताकडे केली होती. दुसऱ्या हातात तिचा हात घट्ट धरलेला. घंटा अजून बारीक वाजत होती.

"काका, गेला तो," मी म्हटलं आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. "आडवा होता की उभा?"

त्यांनी मान वर केली. "मला कुठं पता लागला गं? हिचा हात धरला होता. तो तर रोजच हलतो."

उशीखालून मावशीचा आवाज आला, "मला लागला हो. आडवा होता. आधी पलंग, मग पंखा."

काका तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हेवा कुठेच नव्हता.

पौर्णिमेला घंटा अजून वाजते आणि आम्ही खाली जातो. मी आता मावशीचं काय, असं विचारत नाही. घाटावरून त्यांची खिडकी दिसते. काका तिथून आमची डोकी मोजतात आणि सगळे उतरले की हात हलवतात. शेजारी मावशीचाही हात असतो. तो मुद्दाम हलतोय की आपोआप, ते खालून कळत नाही. मी दोघांनाही हात हलवते.