पाजवलेलं पातं

मी चौथीपर्यंत शिकलो, पण विळा म्हणा, कुऱ्हाड म्हणा, माझ्या भट्टीवरची धार गावात लोक न सांगता ओळखायचे. म्हणून झिंडेलफिंगेनला मुलानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाणाची पाती मांडली, तेव्हा खुर्ची ओढून मी पुढं सरकलो.

इथं जर्मनीत धनुष्यानं शिकार करायला मनाई. तो कामावरच्या एका जर्मन मित्राबरोबर अमेरिकेला जाणार होता, एल्क मारायला. एल्क म्हणजे सांबराच्याच जातीचं, पण घोड्याएवढं जनावर.

"आबा, ही पाती मिटलेली असतात. लागली की उघडतात."

"आणि नाही उघडली तर? जनावर काय तुझी वाट बघत थांबणार आहे?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" तो हसला. "म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

मी न मिटणारी, एकसंध पोलादाची तीन निवडली. त्यानं त्यातलं एक बाणाला लावलं आणि टोक टेबलावर टेकवून बाण गर्रकन फिरवला. भोवरा लागावा तसा जागच्या जागी फिरला. "डुगला नाही, म्हणजे सरळ जाणार," म्हणाला.

मी अंगठा फिरवून बघितला. धार काही पटेना. गावाहून आणलेला निसणा, धार लावायचा दगड, काढला.

"आबा, राहू द्या. मोजून केलेलं असतं ते. तोल जाईल."

"लोहाराला धार शिकवतोस?"

बाणावरचं पातं काढून त्यानं माझ्या हातात दिलं. तिन्ही पाती मी पाजवली, मनगटावरचे केस उडेपर्यंत. ती त्यानं फिरवून बघितली नाहीत. माझ्यासमोर बघणं त्याला बरं वाटलं नसेल.

दोन आठवड्यांनी परतला. बाण छातीत जायचा तो पोटात गेला होता. दोन दिवस रक्ताचा माग काढत हिंडले, जनावर सापडलं नाही. कुठंतरी तडफडून मेलं असणार.

"माझा हात हलला, आबा," एवढंच म्हणाला.

त्याची बॅग मीच उपसली. मिटणाऱ्या पात्यांची डबी तशीच बंद. त्यानं माझंच लावलं होतं. तो कामावर गेल्यावर उरलेल्यातलं एक बाणाला लावून टेबलावर फिरवलं. डुगलं. दुसरं लावलं. तेही डुगलं.

संध्याकाळी आला. "आबा, जेवलात का?" मी हो म्हणालो.

धनुष्य त्यानं खाली तळघरात, केलरमध्ये नेऊन ठेवलंय. पुन्हा काढलं नाही. माझा निसणाही मी तिथंच, त्याच्या शेजारी ठेवून आलो. एका वाक्याचं काम आहे. अजून तोंडातून निघत नाही.