मेलेल्या माशांचा तपास

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता धूसर झाल्या, पण महाळुंगेच्या पलीकडच्या एका तळ्यावरची ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच फोन आला. तळ्यात मासे मेलेत, आणि गावाने कंपनीचा एक माणूस धरलाय.

पोहोचलो तेव्हा काठाला मेलेल्या कटला-रोहूंचा पांढरा थर लागला होता. बांधावर तिशीतला एक कामगार पडला होता, उजवा खांदा मोडलेला. मूळचा परभणीकडचा. जवळच्या कंपनीत सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेवर ऑपरेटर. शिफ्ट सुटून खोलीवर निघाला होता आणि अंगावर कंपनीचा युनिफॉर्म होता, एवढंच निमित्त. त्याला दवाखान्यात पाठवलं आणि जमाव मागे सारला.

"यांनीच केमिकल सोडलं, साहेब," लोक सांगत होते.

"सोडताना कुणी पाहिलं?" असं विचारलं, तर कुणी पुढे येईना.

मारहाणीचा एक आणि पाणी दूषित केल्याचा एक, असे दोन गुन्हे दाखल केले. पंचांसमोर पाण्याचे नमुने सीलबंद केले. कंपनीचा नाला पाहिला, तर तो उताराने उलट्याच बाजूला जात होता. मग मत्स्य विभागाच्या अधिकारी बाई आल्या. मेलेले मासे हातात घेऊन त्यांनी निरखले.

"विष असतं तर लहान-मोठं सगळंच मेलं असतं," त्या म्हणाल्या. "इथे मोठे मासे मेलेत. पिल्लं बरीच वाचलीत, मरळही जिवंत आहे. मरळ वर येऊन हवा घेते. बाकीच्यांना पाण्यातला प्राणवायू पुरला नाही."

पाणी हिरवंगार होतं, आणि काही दिवस आभाळ भरलेलं, वारा पडलेला. तळ्यात घाण वाढली की शेवाळ माजतं, आणि अशा हवेत पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू संपतो, असं त्यांनी समजावलं. घाण आली कुठून, हे आम्हाला शोधायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई ठाण्यात आल्या. तळ्यातल्या मासेमारीचा ठेका ज्याच्याकडे होता, त्याची ही भावजय. महिला हवालदाराला शेजारी बसवून मी त्यांचं ऐकून घेतलं.

"कंपनीचं न्हाई ते, साहेब. मैल्याचा टँकर येतो. आमच्या दिरानंच बोलावलाय. माझं नाव नका घेऊ, एकाच घरात ऱ्हायचंय."

"मग सांगायला का आलात?"

"त्या माणसाला मारताना मी बघितलं. त्याच्या डब्यातली भाकर मातीत पडली व्हती."

कामगारांच्या खोल्यांचे संडास उपसणारा टँकरवाला लवकरच सापडला. आधी त्याने कानांवर हात ठेवले. बांधावरच्या चिखलातले टायरचे ठसे त्याच्या गाडीशी जुळल्यावर मात्र सगळं सांगितलं.

मग ठेकेदाराला चौकशीला बोलावलं. पन्नाशीचा, सरळ वाटणारा माणूस. मी आवाज चढवला नाही. अशा माणसावर ओरडलं की तो आणखी मिटतो.

"मासे माझेच व्हते, साहेब. मी कशाला मारीन?"

"मारायचे नव्हते, ते कळतंय. टँकर का बोलावलात?"

"मैल्यानं मासे जाड व्हतात, असं एकानं सांगितलं. पयल्यांदा झालेबी. मग टँकर वाढवले."

"त्या सकाळी तुम्हाला कळलं होतं?"

"व्हय. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत व्हते, तवाच कळलं. मग लोक जमले. कुणीतरी कंपनीचं नाव घेतलं. मी गप ऱ्हायलो."

"आणि त्याला मारत होते तेव्हा?"

"तवाबी," तो म्हणाला आणि रडू लागला.

नमुन्यांच्या अहवालात रसायन निघालं नाही, मैला निघाला. ठेकेदार आणि टँकरवाल्यावर दोषारोपपत्र गेलं, मारणाऱ्यांवर वेगळं. खरं ठाऊक असूनही तोंड न उघडल्याबद्दल लावायला मला कलम सापडलं नाही. खोटं बोलणाऱ्यांना ओळखायला मी नोकरीच्या पहिल्या वर्षांतच शिकलो होतो. पण निव्वळ गप्प राहून माणूस दुसऱ्याचं किती नुकसान करतो, ते मला या तपासात समजलं.

पुढच्या पावसाळ्यात तळ्यात पुन्हा मासे सोडले गेले. तो ऑपरेटर नोकरी सोडून गावी गेला. साक्षीसाठी कोर्टात आला, तेव्हा शपथ घ्यायला त्याने उजवा हात उचलला. तो खांद्याच्या वर गेला नाही.