वाटेवरच्या काट्या

दादाला जाऊन तीन महिने झाले. माझा थोरला भाऊ, शाळेत खेळाचा शिक्षक. मी बारामतीच्या कॉलेजात इतिहास शिकवतो.

डाळजला आमची आणि चुलत्यांची वस्ती शेजारी-शेजारी आहे. धरणाच्या पाण्याकडे जाणारी वाट चुलत्यांच्या उसातून जाते. वहिवाटीवरून भांडण झालं आणि त्यांनी वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. बोलणं तुटलं. दोन्हीकडची लग्नं एकमेकांशिवाय लागली.

एका सुट्टीत मी दादाला सांगितलं, की जुन्या ग्रीसमध्ये खेळांच्या दिवसांत लढाया थांबवत. तो तडक चुलत्यांकडे गेला. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठाला गाळाची सपाट जमीन उघडी पडते. तिथे कबड्डी ठरली. संघ वस्तीप्रमाणे करायचे नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या, हा दादाचा नियम. दर वर्षी त्या दिवशी काट्या निघत, संध्याकाळी परत पडत.

पुढे नीट वाचल्यावर माझी चूक कळली. लढाया काही थांबत नसत, खेळायला आणि बघायला निघालेल्यांना फक्त सुखरूप जाऊ-येऊ देत. मी ओशाळून दादाला तसं सांगितलं.

तो हसला. "वाट देत हुते न्हवं? मग बास हाय की, प्राध्यापक."

आमचं स्मशानही त्याच काठावर. दादाला हमरस्त्याने वळसा घालून न्यायचं ठरलं होतं. तिरडी उचलली, तर काट्या बाजूला ओढलेल्या आणि चुलते तिथेच उभे. त्यांच्या हातांवर ओरखडे होते. त्यांनी खांदा दिला.

तेराव्यानंतर पाहिलं, तर काट्या पुन्हा जागेवर.

आता पाणी मागे सरलंय. विचारायला दर वर्षी दादा जायचा. परवा मी गेलो आणि काट्यांच्या अलीकडे उभा राहिलो.

"काय प्राध्यापक, वाट चुकलास व्हय?" चुलते म्हणाले.

"आबा, कबड्डीचं विचारायला आलोय."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "त्यो न्हाय. चिठ्ठ्या कोण टाकणार?"

"मी टाकीन."

"तुला खेळाया तरी येतंय का?"

"नाही."

"मग रेघा तरी सरळ आख. ऐतवारी काढतो काट्या."

मी तिथूनच मागे फिरून घरी आलो. दादाच्या कपाटात चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा सापडला. सगळी नावं त्याच्या अक्षरात, त्याचं स्वतःचंही. त्यातली एक चिठ्ठी तेवढी काढून ठेवायची आहे. उद्या रविवार. ती अजून डब्यातच आहे.