आज्जाची पटाशी

शिवपुत्र अण्णा माझा थोरला चुलतभाऊ. त्याची आठवण निघाली की अजून माझं तोंड कडू होतं. जिवंतपणी मी त्याला तोंडावर बोललो. आता मेल्यावर गोड बोलायचं ढोंग माझ्याच्यानं होणार नाही.

सोलापुरात बाळीवेशीजवळ आमच्या दोघांचं एकच सुतारमेट होतं. अण्णा दारांच्या चौकटी आणि बैलगाड्या करायचा. हात वाईट नव्हता, पण मानगुटीला आमच्या आज्जाची पटाशी बसली होती. लाकडात भोक पाडायचं हत्यार, पातं चांगलं इंचभर रुंद. वाटण्यांत ती अण्णाकडं आली आणि तेव्हापासून सांधा कुठलाही असो, त्याचं भोक याच पटाशीनं पडायचं. दसऱ्याला बाकीच्या हत्यारांना हळदीचं एक बोट, हिला अख्खा मळवट. रोज सकाळी ती कपाळाला लावल्याशिवाय काम नाही. मला ते बघून शिसारी यायची. लोखंडाचा तुकडा तो, खंडोबा नव्हे.

चौकटीला हे खपून जायचं, तिथं लाकूडच दांडगं. पण एकोणीसशे एकतीसच्या सुमाराला एका हायस्कुलानं आमच्याकडं नमुन्याचं डेस्क मागितलं. पसंत पडलं तर सगळ्या वर्गांची डेस्कं आमचीच. नाही पडलं तर पुण्याचा एक कारखाना टपूनच बसला होता. गाड्यांचं काम आटत चाललेलं. हे हातचं गेलं असतं तर मेट मोडून जवळच्या कुंभारी गावाला जायचं आणि दुसऱ्याच्या रानात राबायचं, एवढंच उरलं होतं.

डेस्काचा पाय दीड इंच जाडीचा. सुताराचा साधा हिशेब असा, की जाडीचे तीन सारखे हिस्से धरायचे, मधल्या हिश्शात भोक पाडायचं आणि आडव्या पट्टीच्या टोकाला त्यात घट्ट बसेल असं कुसू काढायचं. म्हणजे भोक अर्धा इंच, आणि दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा इंच लाकूड शाबूत. इंचभर पटाशी घातली तर दोन्हीकडं नुसते पापुद्रे राहतात.

"अण्णा, हितं ती पटाशी चालायची न्हाय," मी म्हणालो.

"आज्जापरीस तू शाना झालास व्हय रं, एकनाथा?"

"पाय फुटंल की!"

"आज्जाच्या हातची चौकट फुटलेली बघितलीस कुटं?"

गाढवापुढं वाचली गीता. बारक्या पटाशीनं सगळी भोकं मीच पाडली, कुसवं काढली, सांधे कोरडेच बसवून पाहिले. दाबून बसत होते, हलत नव्हते. दुसऱ्या दिवशी अवस. आमच्यात अवसेला सुतार हत्याराला हात लावत नाही, हाही आज्जाचाच नेम. मी कुंभारीला सासुरवाडीला गेलो.

परत आलो तर मेटात सरसाचा घाण वास कोंडलेला आणि डेस्क जोडून, पालिश मारून उभं. अण्णा म्हणाला, "सरस लावून जोडलं. तुझा वेळ वाचीवला." अवसेला त्यानं काम केलं याचं मला नवल वाटलं. पण वरून सगळं झकास दिसत होतं. आम्ही डेस्क हायस्कुलात नेलं.

तिथल्या हेडक्लार्कनं ते हलवून बघितलं, मग त्यावर कोपर टेकून भार दिला. काडकन आवाज झाला. पुढचा पाय सांध्याशी उभा फाटला आणि आतून सरसानं बरबटलेल्या लाकडाच्या चिपट्या बाहेर पडल्या. माझी अर्ध्या इंचाची भोकं अण्णानं त्या पटाशीनं इंचभर केली होती आणि कुसवाभोवती चिपट्या ठासून पोकळी बुजवली होती.

"आज्जाची पटाशी न लागलेला सांधा आपल्या घरातनं बाहेर जाऊ द्यायचा व्हय?" रस्त्यात तो मलाच दरडावून विचारत होता. आज्जाचा नेम मोडून आज्जाचा मान राखणारा हा बहाद्दर! हायस्कुलानं पुण्याला कळवून टाकलं होतं.

घरी आलो तेव्हा सोनाबाई आत्या, आज्जाची लेक, ज्वारी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं, सुपातनं मान वर केली.

"शिवपुत्रा, माझ्या आप्पाकडं, तुझ्या आज्जाकडं, पेटीभर पटाश्या हुत्या रं. बारक्या, मधल्या, सगळ्या. रोज वापरून, धारंला घासून घासून त्या पार झिजून गेल्या. ही तेवडी ऱ्हायली. हिचं काम त्याला वरसातनं एकांद्या बारीच पडायचं."

अण्णानं धोतराच्या सोग्यानं पटाशी पुसली आणि कोनाड्यात ठेवली. मला वाटलं, आता तरी डोकं ठिकाणावर आलं. कसलं काय! सकाळी ती पुन्हा कपाळाला.

मेट मोडलं. मी माझी हत्यारं घेऊन गिरणीच्या सुतारखात्यात लागलो. अण्णा कुंभारीला गेला. तिथं पोट भरेना तसा एकेक हत्यार विकत गेला. आधी रंधे, मग करवती, मग बारक्या पटाश्या. रानात मजुरीला जायचा, पण ओळख सांगताना सुतारच म्हणायचा.

तो गेला तेव्हा त्याच्या लेकानं पेटी उघडली. आत कामाचं एकही हत्यार नव्हतं. मळवट भरलेली ती पटाशी तेवढी होती, धार अजून लख्ख. लेकानं ती दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली.

"काका, आमच्या बापाची पटाशी," तो म्हणाला.

मी उठून बाहेर आलो आणि थुंकलो.