‘अंगठा उमटत न्हाय’ म्हणणारा केंद्रवाला

ही केस आठवली की आजबी मला आधी हसू येतं, मग जरा लाज वाटते.

रिटायर व्हायला वर्ष राहिलं होतं. तुळजापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी. सकाळची हजेरी चालू होती अन् ऊसतोड करणारी एक बाई आली. नवरा वारलेला, पोरगी पाचवीत. पोरीला सरकारचे बालसंगोपनाचे पैसे मंजूर होते. ऑफिस म्हणायचं, खात्यावर टाकले. गावात मशीनवर अंगठा घेऊन पैसे काढून देणारा बँकेचा केंद्रवाला म्हणायचा, अंगठा उमटत न्हाय, उद्या या.

“ताई, हे आमच्याकडं येत न्हाय,” मी म्हणालो.

“मग कुणाकडं जाऊ? दसऱ्यानंतर टोळी निघंल. पैसं असलं तर पोरगी बहिणीकडं ऱ्हाऊन शिकंल. न्हायतर माझ्यासंगं फडात.”

अन् बसली बाकड्यावर. दुपारपर्यंत हललीच न्हाय.

तिला बघून ठाण्याचा चहावाला माझ्या कानाला लागला. “साहेब, तो केंद्रवाला समद्या तोडणीवाल्यांना एकच सांगतो. अंगठा झिजलाय, मशीनवर उमटत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी आमच्या महिला हवालदार मॅडमना जुनी साडी नेसवून केंद्रात पाठवलं. दोन पंच दाराशी. मॅडमचा मोबाईल माझ्याकडं, जीपमधी. केंद्रवाल्यानं अंगठा ठेवून घेतला अन् मान हलवली. “मावशी, ऊस तोडून तोडून झिजलाय तुमचा. उद्या या.”

तेवढ्यात माझ्या हातात मोबाईल वाजला. मॅडमच्या खात्यातून हजार रुपये गेले होते.

ठाण्यात आणल्यावर तो म्हणाला, “साहेब, सर्व्हर डाऊन असतंय.”

मी त्याचाच आवाज काढला, तसाच नाकातून. “मावशी, झिजलाय तुमचा!” मग मॅडमकडं बोट केलं. “ह्या आमच्या हवालदार. ह्यांनी ऊस फक्त रसवंतीवर बघितलाय.”

मग गड्यानं समदं कबूल केलं. बायांच्या खात्यांना त्यानं स्वतःचा मोबाईल नंबर जोडला होता, म्हणून मेसेज त्यालाच जायचे. मशीन जप्त केलं, जबाब घेतले, गुन्हा नोंदवला. त्याच्या घरच्यांनी बायांचे पैसे भरून दिले.

दसरा झाल्यावर टोळीचा ट्रॅक्टर ठाण्यासमोर थांबला. बाई उतरली.

“साहेब, पोरगी बहिणीकडं ठिवली. लई उपकार झाले.”

“उपकार तुमचे, ताई,” मी म्हणालो, अन् ते मनापासून. केंद्रवाल्यानं तिला ‘उद्या या’ म्हणून घालवलं होतं. मीबी तेच करायला निघालो होतो, फक्त खाकी घालून. तक्रार घेऊन आलेल्या माणसाचं आधी नीट ऐकावं, एवढं साधं काम मला तिनं शिकवलं.

पोरगी आता सातवीत आहे.